वहीत उतरलेलं गाणं

राहीबाई सरतापे आमच्या मागच्या खोलीत राहायला आल्या तेव्हा १९९० सालचा जून संपत आला होता. सांगलीच्या विश्रामबागेत तेव्हा मोकळे प्लॉट बरेच होते. आमच्या घरामागं एक खोली, मोरी आणि पुढं ओटा एवढं बांधकाम आम्ही भाड्यानं द्यायला म्हणून करून ठेवलं होतं. त्या आल्या त्या एका हातात ट्रंक आणि दुसऱ्या काखेत चादरीत गुंडाळलेला लांबट कीबोर्ड घेऊन. वय अठ्ठेचाळीस. उंच, सावळ्या, केस मानेपर्यंत कापलेले.

"मी गाणं शिकवते," त्या म्हणाल्या. "शाळेत अर्धवेळ लागलेय. थोडा आवाज होईल. चालेल का?"

"गाण्याचा आवाज चालतो की," मी म्हणाले.

"आधी ऐका, वहिनी. मग बोला."

दुसऱ्याच दिवशी समोरच्या काकूंनी मला फाटकाशी गाठलं. "आडनाव काय म्हणालीस?" मी सांगितलं. "माणकडची का? बरं. आणि मुंबईत हॉटेलात गात होती म्हणे." त्यांना आडनाव जास्त खटकलं होतं की हॉटेल, हे त्यांचं त्यांनाही ठरवता आलं नसावं.

"हो," मी म्हणाले, "आणि चहा फार छान करतात."

राहीबाईंची गोष्ट मला तुकड्यातुकड्यानं कळली, बहुतेक दुपारी, ओट्यावर काहीतरी निवडत बसलेलं असताना. वडील हरिबा सरतापे दहिवडीजवळच्या एका गावचे. लढाईच्या दिवसांत पलटणीत भरती झाले आणि पलटणीच्या बँडमध्ये कॉर्नेट वाजवायला शिकले. कॉर्नेट म्हणजे बिगुलाचा थोरला, वळणावळणाचा भाऊ. पलटण सुटल्यावर मुंबईत लग्नाच्या बँडमध्ये लागले. छप्पन साली घरानं धम्म घेतला, तेव्हा चाळीतल्या खोलीतले देव निघाले, कोनाड्यात बुद्धाची तसबीर आली आणि तिच्याशेजारी ते कॉर्नेट. चौदा वर्षांच्या राहीला वडिलांनी विलायती स्वरलिपी वाचायला शिकवली. पाच रेघांवर बसलेले ते काळे ठिपके त्यांना मराठी अक्षरांइतके सरावाचे होते.

विसाव्या वर्षी एका गोव्याच्या बँडवाल्यानं तिला पार्टीत गाताना ऐकलं आणि हॉटेलात नेलं. तिथं राहीची रीटा झाली. पुढची पंधरा वर्षं चर्चगेटच्या बाजूच्या एका हॉटेलात, मागं पियानो, ड्रम आणि बास नावाचं माणसाएवढं उंच तंतुवाद्य घेऊन त्या जॅझ गात होत्या. मग हॉटेलांनी बँड काढून टाकले आणि टेपा लावल्या. राहीबाईंनी एका कॉन्व्हेंटात दहा वर्षं पोरींना प्रार्थना शिकवल्या. आई गेली, चाळ पडायला आली. धाकटे भाऊ नानासो सांगलीत एसटीत वाहक होते, म्हणून त्या इकडं आल्या.

"लग्न?" मी एकदा विचारलं.

"होता होता राहिलं. ड्रमवाला होता. तालात पक्का, बाकी सगळ्यात कच्चा."

जॅझ म्हणजे काय, हे मी त्यांना पुष्कळदा विचारलं असेल. त्यांना सांगायचा कंटाळा यायचा नाही. "गाणं एकदा सरळ म्हणायचं. लोकांना कळू दे कुठलं आहे ते. मग मागचे लोक तेच फिरवत राहतात आणि आपण निघायचं. कुठं जायचं ते आधी ठरवायचं नाही. सुरांचं बंधन असतं, मात्रांचं असतं. बाकी त्या क्षणाला सुचेल ते. आणि संपलं की संपलं. दुसऱ्या दिवशी तेच परत म्हटलं तर बँडवाले हसतात."

"म्हणजे आपल्या तानांसारखंच की."

"तानांसारखंच. पण तुमच्याकडं पोरींना ताना पाठ करायला लावतात."

त्या निघाल्या की शब्द मागं राहायचे. नुसतं दू-बा, दी-या, डा-डू-बा. त्यात हसणं असायचं, चिडणं असायचं, कधी कुणाची तरी वाट बघणं असायचं. मला इंग्रजी गाणी फारशी कळत नाहीत, पण भांडी घासताना हात थांबायचा. गल्लीतली पोरं त्यांना डुबाडुबाबाई म्हणायला लागली. एकदा त्यांनी भिंतीवरून वाकून पोरांना त्याच भाषेत अख्खं उत्तर दिलं. पोरं पळाली आणि दुसऱ्या दिवशी आणखी चार जणांना घेऊन आली. मग आयांनी त्यांना हाका मारून नेलं.

त्यांना आयुष्याकडून आता एकच हवं होतं, आणि ते त्यांनी मला पहिल्याच वर्षी सांगितलं होतं. "मुंबईत दहा वर्षांत एक पोरगी मिळाली नाही. इथं एक मिळाली तरी बास, वहिनी. माझ्यासारखी नको. स्वतःचं स्वतः गाणारी."

पण क्लासला कुणी येईना. पालक यायचे, ओटा बघायचे आणि एकच विचारायचे, "परीक्षेला बसवणार ना?" आमच्याकडं गाणं म्हणजे परीक्षा. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद. सर्टिफिकेट भिंतीवर लागतं, लग्नाच्या माहितीपत्रात लिहिता येतं. शेवटी राहीबाईंनी स्वतःच एका गुरुजींकडं जाऊन राग शिकायला सुरुवात केली. एकोणपन्नासाव्या वर्षी त्या परीक्षेला बसल्या. नऊ-दहा वर्षांच्या फ्रॉकातल्या पोरींच्या रांगेत ही उंच बाई मांडी घालून बसलेली. परीक्षकांना वाटलं कुणाची तरी आई आहे. त्यांनी बाहेर थांबायला सांगितलं.

"मग?" मी विचारलं.

"मग काय, म्हटलं, मीच ती पोरगी."

त्यानंतर क्लास भरला. पंधरा-सोळा मुली. आणि परीक्षा म्हटली की वही आली. आठ मात्रांच्या पाच ताना, सोळा मात्रांच्या पाच. बाई सांगणार, मुली लिहून घेणार, घरी जाऊन घोकणार. पहिल्या दिवशी त्यांनी स्वतःच मुलींना बजावलं होतं, "मी म्हणेन ते सगळं लिहून घ्यायचं. लिहिलं नाही तर परत सांगणार नाही." हे वाक्य मी माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून ऐकलं आहे.

प्रांजल त्यांना शाळेच्या प्रार्थनेत सापडली. एक्क्याण्णव साल, पोरगी आठवीत. वडील बिरदेव सरकारी कचेरीत शिपाई, मूळचे आटपाडीकडचे, मेंढरांच्या घरातले. प्रांजलचा आवाज खालचा, जाड, तूप घातल्यासारखा. आधीच्या बाईंनी तिला "तू नुसते ओठ हलव" असं सांगितलं होतं. राहीबाईंनी तिला रांगेतून बाहेर काढलं तेव्हा ती रडायला लागली. तिला वाटलं, शिक्षा आहे.

मंगळवारी आणि शुक्रवारी बाकीच्या मुली गेल्या की राहीबाई तिला थांबवून घ्यायच्या. पेटी बंद, कीबोर्ड चालू. इंग्रजी गाण्याचे शब्द प्रांजल देवनागरीत लिहून घ्यायची, अर्थ विचारायची आणि लाजायची. मग राहीबाई निघायच्या, दू-बा, दी-या, आणि प्रांजल तोंड उघडं टाकून ऐकत राहायची. त्या वर्षा-दोन वर्षांत राहीबाई जसं गायल्या तसं त्या हॉटेलातसुद्धा गायल्या नसतील. ऐकायला एक पोरगी आणि खिडकीत मी.

तास संपला की प्रांजल लगेच घरी जायची नाही. आमच्या पुढच्या पायरीवर बसून वहीत भराभरा काहीतरी लिहायची. डोळे मिटायची, बोटांवर मोजायची, पुन्हा लिहायची. मला वाटलं शाळेचा अभ्यास. घरी जागा नसेल. मी तिला लाडू द्यायची. एकदा वही संपली तर आमच्या ह्यांच्या कपाटातली पुठ्ठ्याची लांब वही मीच तिला काढून दिली.

चौऱ्याण्णव साली राहीबाईंचा आवाज फुटायला लागला. आधी सर्दी वाटली, मग गरम पाणी, मग हळद, मग मिरजेचा दवाखाना. घशात गाठ निघाली आणि ती साधी नव्हती. ऑपरेशन वेळेवर झालं, जीव वाचला. महिन्याभरानं त्यांनी माझ्यासमोर पहिल्यांदा तोंड उघडलं तेव्हा नुसती हवा आली. पुढं थोडं कुजबुजण्यापुरतं सुधारलं, तेवढंच. डॉक्टरांनी त्यांना विचारलं होतं, काम काय करता? त्या म्हणाल्या होत्या, शिकवते. गाते म्हणाल्या नाहीत.

क्लासमधल्या निम्म्या मुली गेल्या. बाई म्हणून दाखवू शकत नाहीत तर पोरींनी लिहून काय घ्यायचं? आयांचं म्हणणं चूक म्हणता येत नव्हतं. प्रांजल मात्र गेली नाही. आणि एका शुक्रवारी राहीबाई नुसत्या कीबोर्डवर गाणं फिरवत बसल्या असताना ती एकदम निघाली. दू-बा, दी-या. खालून उचललेला सूर, मध्येच थांबून वळलेला, परत घरी आलेला. मी कणकेचे हात घेऊन खिडकीशी आले. राहीबाईंची बोटं चालू होती आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं.

त्या दिवशी त्या माझ्याकडं धावतच आल्या. "ऐकलंत? वहिनी, ऐकलंत काय म्हणाली ती?" सगळं कुजबुजीत. "मी असं कधी म्हटलं नव्हतं. हे तिचं आहे."

पुढं दर आठवड्याला तेच. आज काय म्हणाली, ऐकलंत? मुंबईला त्यांच्या जुन्या पियानोवाल्याला, डिमेलोला, त्यांनी पत्र टाकलं. मुलगी मिळाली.

मी मात्र पायरीवरची वही बघत होते. मला गाण्यातलं कळत नसलं तरी कान आहे. एका मंगळवारी प्रांजल जे म्हणाली ते मी आधी ऐकलं होतं, असं मला वाटत राहिलं. कधी, ते आठवेना. ती निघाली तेव्हा मी तिला लाडवाची वाटी दिली आणि वही मागितली. "बघू गं, काय लिहितेस?"

तिनं कौतुकानं उघडून दाखवली. पानंच्या पानं. सा रे ग म, आडव्या रेघा, मात्रांच्या खुणा आणि प्रत्येकाच्या वर तारीख. १४ जुलै ९२. ४ सप्टेंबर ९२. एकाखाली लिहिलं होतं, बाईंना ताप होता, थोडी हळू.

"हे बाईंचं आहे ना?" मी म्हणाले.

"सगळं त्यांचंच, काकू. एकशे सदतीस ताना झाल्या. नंतर बाईंचा आवाज गेला."

"पण त्या म्हणतात ना, रोज वेगळं म्हण?"

"रोज वेगळीच घेते की," प्रांजल म्हणाली. "एकदा घेतलेली चार महिने परत घेत नाही. मागं खूण करून ठेवते."

तिच्या चेहऱ्यावर लबाडी नावाला नव्हती. आठ मात्रांच्या पाच, सोळा मात्रांच्या पाच, तसंच हे तिला वाटत होतं. बाईंनी दिलेलं एकही वाया जाऊ द्यायचं नाही, यापेक्षा मोठी भक्ती तिला ठाऊक नव्हती. आणि राहीबाईंना ते ओळखू येत नव्हतं, कारण त्यांनी आपलं गाणं आयुष्यात कधी परत म्हटलंच नव्हतं. संपलं की संपलं. त्यांनी सांडलेलं सगळं या पोरीनं वेचून ठेवलं होतं आणि आता ती त्यांना एकेक दाणा परत देत होती.

मी त्यांना सांगायला हवं होतं. मी नाही सांगितलं. त्या दिवशी संध्याकाळी त्या ओट्यावर बसून पायानं ताल धरत होत्या. ऑपरेशननंतर कितीतरी महिन्यांनी त्यांनी आरशात बघून कुंकू लावलेलं दिसत होतं. मी मनाशी म्हटलं, मुलगी लहान आहे. आज बाईंचं म्हणते, उद्या आपलं सुचेल. असं म्हणायला सोपं होतं.

पंच्याण्णवच्या हिवाळ्यात प्रांजलचे आजोबा कोंडीबा मोतीबिंदू काढायला गावाकडनं आले. एका डोळ्याला पट्टी, खांद्यावर घोंगडं. नातीचं गाणं ऐकायला म्हणून बिरदेवनं त्यांना ओट्यावर आणून बसवलं.

"बाई, घसा बसलाय व्हय?" त्यांनी राहीबाईंना विचारलं.

"बसलाय त्यो आता उठायचा न्हाई, बाबा," राहीबाई म्हणाल्या. त्यांना माणच्या बोलीत बोलताना मी क्वचित ऐकलं होतं. "तुमी म्हणा की कायतरी. तुमच्यात ओव्या म्हणत्यात ना?"

म्हातारबुवांनी आढेवेढे घेतले नाहीत. कानावर हात ठेवला आणि सुरू केलं.

"मिरजेच्या डाक्टरानं डोळा बांधला फडक्यानं,
अर्धी सांगली बघितली मी एका डोळ्यानं."

मग त्या ओवीत आमचा ओटा आला, माझा लाडू आला, आणि ह्या बाईला चैताच्या आधीच मेंढरागत कुणी कातरली म्हणून राहीबाईंचे केसही आले. आम्ही हसून हसून बेजार. राहीबाईंना तर हसताना आवाजच नव्हता, त्या नुसत्या हलत होत्या.

"परत म्हणा," त्या म्हणाल्या.

"आता ते कुठलं? गेलं की ते. दुसरं म्हणू का?"

राहीबाईंनी माझं मनगट धरलं. "वहिनी, हा माणूस जॅझ गातोय. पोरीच्या घरातच आहे हे. मी उगाच काळजी करत होते."

प्रांजल आत माझ्या स्वयंपाकघरात येऊन उभी होती, कानापर्यंत लाल. "काकू, आजोबांचं अडाणी असतं हो," ती म्हणाली. "त्यात लिहिण्यासारखं काही नसतं."

सत्त्याण्णवच्या फेब्रुवारीत डिमेलो आले. पुण्यातल्या एका हॉटेलात त्यांना पुन्हा बँड उभा करायचा होता आणि गाणारी हवी होती. मिरजेत एका ख्रिस्ती डॉक्टरांच्या घरी पियानो होता, तिथं दुपारी ऐकायचं ठरलं. प्रांजल तेव्हा बी.ए.च्या पहिल्या वर्षाला. बिरदेवला राहीबाईंनी आधीच समजावून ठेवलं होतं. "पोरगी माझ्यासंगं राहील पुण्यात. मी जातीनं लक्ष देईन." बिरदेव बराच वेळ पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत होता. मग म्हणाला, "तुमी हाय म्हणून व्हय म्हणतोय, बाई."

राहीबाईंनी त्या दिवशी मला बरोबर नेलं. डिमेलो म्हणजे ठेंगणे, टकलू, हातरुमालानं पियानोच्या पट्ट्या पुसणारे गृहस्थ. "रीटा," ते म्हणाले आणि त्यांनी दोन्ही हात पुढं केले. राहीबाईंनी नुसतं घशाकडं बोट केलं.

पहिलं गाणं ठरलेलं होतं. प्रांजल सुंदर गायली. सरळ चाल झाली, मग ती निघाली, आणि डिमेलोंचा चेहरा उजळला. पण दुसऱ्या फेरीला ते मान तिरकी करून ऐकायला लागले. तिसऱ्या फेरीत एका जागी प्रांजल थांबली, बारीकसा धक्का बसल्यासारखी, आणि पुढं गेली. राहीबाई माझ्या शेजारी बसल्या होत्या. त्या जागी त्यांचा हात आपोआप स्वतःच्या गळ्याशी गेला. मग तो तिथंच राहिला.

"तिथं मला खोकला आला होता," त्या माझ्या कानात म्हणाल्या. प्रश्न विचारल्यासारख्या.

डिमेलोंनी दुसरंच गाणं वाजवायला घेतलं. संथ, वेगळ्या पट्टीतलं. एकदा चाल ऐकवली आणि म्हणाले, "बेटा, अब आओ. जो दिल में आए."

पियानोची एक फेरी गेली. प्रांजल हात जोडून उभी. दुसरी फेरी गेली. तिचे ओठ हलत होते. ती आतल्या आत वहीची पानं उलटत होती, हे त्या खोलीत मला एकटीलाच कळत होतं. तिसऱ्या फेरीत तिनं एक उचलली. ती त्या गाण्यात बसत नव्हती. डिमेलोंनी बिचाऱ्यांनी बोटं सरकवून खालचे सूर तिच्यासाठी बदलले, आपला पियानो तिच्या मागं वाकवला, पण अर्ध्या वाटेवर तीच थांबली.

ते पियानोवरून उठले नाहीत. तिथूनच त्यांनी मऊपणे विचारलं, "ये सब तो रीटा है. तुम्हारा कौनसा है, बेटा?"

प्रांजलचा चेहरा खुलला. याचं उत्तर तिला येत होतं. तिनं पिशवीतून दोन वह्या काढल्या, त्यातली एक आमच्या ह्यांच्या कपाटातली, आणि त्यांच्या हातात दिल्या. "सगळं आहे सर. तारीखवार. एकपण सोडलेली नाही."

डिमेलोंना सरगम वाचता येत नव्हती. त्यांनी वह्या राहीबाईंकडं दिल्या. राहीबाई वाचत होत्या. आपण काय गायलो होतो ते त्यांना पहिल्यांदाच कळत होतं. एका पानावर त्यांनी तोंड उघडलं, म्हणून बघावं असं वाटलं असेल. हवा आली. त्यांनी तोंड मिटलं, पान उलटलं. डॉक्टरांच्या मंडळी चहा घेऊन आल्या, बिस्किटं आली, कुणीतरी हवापाण्याचं विचारलं. त्या शेवटच्या पानापर्यंत वाचत राहिल्या.

निरोप घेताना डिमेलो म्हणाले, "रेकॉर्ड अच्छा रखा है बच्चीने." त्यांनी ते दुखवायला म्हटलं नव्हतं.

परत येताना सिटी बसमध्ये प्रांजल आमच्या पुढच्या बाकावर होती. विश्रामबाग यायच्या आत ती मागं वळली. "बाई, माझं काय चुकलं?"

"तुझं न्हाई चुकलं," राहीबाई म्हणाल्या.

"मग मला घेतील ना?"

राहीबाईंनी खिडकीबाहेर बघितलं. मी म्हणाले, "कळवतील गं." ते मला म्हणावं लागलं, कारण तिथं दुसरं कुणी बोलणारं नव्हतं.

पुढच्या मंगळवारी ओट्यावर जे झालं ते बघवत नव्हतं. राहीबाईंनी वह्या माझ्याकडं ठेवायला दिल्या आणि प्रांजलला सांगितलं, "आता म्हण. कायपण. चुकीचं म्हण. बेसूर म्हण. फक्त वहीतलं नको." कीबोर्ड फिरत राहिला. पोरीनं तोंड उघडलं, मिटलं. पुन्हा उघडलं. अर्धा तास असं चाललं होतं. शेवटी ती खाली बसली आणि हुंदके देत म्हणाली, "तुम्ही एकदा म्हणून दाखवा ना, बाई. एकदाच. मग मला येईल."

राहीबाईंनी कीबोर्ड बंद केला. तो पुन्हा चादरीत गुंडाळायला त्यांना बराच वेळ लागला.

मी वह्या प्रांजलला परत केल्या. कुणाच्या म्हणून ठेवून घेणार होते? पुढं ती विशारद पहिल्या वर्गात झाली. कडेगावच्या एका शाळेत संगीत शिक्षिका म्हणून लागली. तिथंच लग्न झालं, नवरा साखर कारखान्यात, माणसं चांगली. लग्नात तिनं राहीबाईंच्या पायावर डोकं ठेवलं ते उचलेना. पुण्याहून डिमेलोंचं पत्र आलं होतं, त्यात त्यांना एक केरळची मुलगी मिळाल्याचं लिहिलं होतं. ते पत्र राहीबाईंनी मला वाचायला दिलं आणि परत मागितलं नाही.

अठ्ठ्याण्णवच्या मे महिन्यात नानासो मुदतीआधीच निवृत्ती घेऊन गावी निघाले, त्यांच्याबरोबर राहीबाईही गेल्या. क्लास कधीच संपला होता. शाळेनंही नवीन बाई घेतल्या होत्या, आवाज असलेल्या.

तीन वर्षांनी उन्हाळ्यात आमच्या ह्यांचं साताऱ्याला काम निघालं, तेव्हा मी दहिवडीवरून त्यांच्या गावी गेले. पत्र्याचं घर, दारात दोन शेळ्या. राहीबाईंचे केस वाढले होते, अंबाडा घातला होता. आम्ही सावलीला भिंतीशी टेकून बसलो. बरंच इकडचं तिकडचं झालं. शेवटी मला राहवेना.

"राहीबाई, त्या वहीचं मला ठाऊक होतं. मिरजेला जायच्या दोन वर्षं आधीपासून. मी तुम्हाला सांगितलं नाही."

त्या रागावतील, निदान माझ्याकडं बघतील, असं मला वाटलं होतं. त्या शेळीकडंच बघत होत्या.

"मलाबी व्हतं, वैनी," त्या म्हणाल्या. "पक्कं न्हवतं. एकदा ती गात व्हती आणि मला वाटलं, आता ही खाली उतरंल. आणि उतरली. एकदा न्हाई, चार येळा झालं असं. तवा इचारायला पायजे व्हतं. पण घसा गेल्यावर मला माझंच ऐकायला दुसरीकडं कुठं मिळत व्हतं? लय बरं वाटायचं. दर मंगळवारी वाटायचं, आजच्या दिवस ऐकू, पुढच्या खेपंला इचारू."

त्यांनी शेजारच्या तांब्यातलं पाणी घेतलं.

"त्यात पोरगी गेली."

"असं का म्हणता? ती सुखात आहे."

"सुखात असू दे. गात न्हाई ना ती." मग त्यांनी विचारलं, "शिकिवती कशी? काय ऐकलं तुमी?"

मला खोटं बोलता आलं असतं. कडेगावला मी दिवाळीत तिच्या घरी जाऊन आले होते. बैठकीच्या खोलीत पंचवीस मुली होत्या, सगळ्यांच्या मांडीवर वह्या.

"क्लास मोठा आहे," मी म्हणाले. "त्या ताना मुलींना लिहून देते. आता तारखा काढल्यात. नंबर घातलेत."

राहीबाईंनी मान हलवली.

"अक्षर चांगलं हाय तिचं," त्या म्हणाल्या.

माझ्या गाडीची वेळ झाली तेव्हा त्या फाट्यापर्यंत सोडायला आल्या. गाडीला उशीर झाला. ती येईपर्यंत आम्ही पाण्याचा टँकर कुठल्या कुठल्या दिवशी येतो आणि कुणाच्या दारात आधी थांबतो, तेवढंच बोललो.